लिंगरहित व्याकरण आणि इनुइट स्त्रीचे जीवन

‘मी काल गावाला गेलो’ किंवा ‘मी काल गावाला गेले’ यांपैकी कोणतेही एक वाक्य मराठी माणसाने उच्चारले की बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे ऐकणाऱ्यास तत्क्षणी कळते. ते सांगण्याचा बोलणाऱ्याचा हेतू असो वा नसो, भाषा ते वदवून घेतेच. सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा पावलोपावली मराठीत लिंगाचा निर्णय करावा लागतो. गोव्याच्या कोंकणीत तर ‘चेडूं’ म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी असते, म्हणजे वयाचा भेदही लिंगव्यवस्थेत डोकावतो. याच्या नेमके उलट टोक पाहावयाचे असेल तर ग्रीनलंडपासून कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या इनुइट भाषांकडे वळावे. ग्रीनलंडची कलाल्लिसुत आणि पूर्व कॅनडाची इनुक्टिटुट या एकाच भाषासाखळीच्या दोन कड्या होत. या भाषांत व्याकरणिक लिंग नाही. तृतीयपुरुषी रूपांत ‘तो’, ‘ती’, ‘ते’ असा भेद नाही. नामाला लिंग नाही. क्रियापद कर्त्याचे लिंग विचारीत नाही.

यावरून एक अनुमान फार लवकर काढले जाते. ज्या भाषेत स्त्री-पुरुष भेद नाही, त्या समाजातही तो नसावा, हे ते अनुमान. अर्थात त्याचा फोलपणा दाखवावयास उत्तर ध्रुवाकडे जाण्याची गरज नाही. बंगालीत व्याकरणिक लिंग नाही, फारसीत नाही, तुर्कीत नाही, आणि त्या त्या समाजांतील स्त्रियांना त्याचा विशेष लाभ झाल्याचा पुरावाही नाही. मग इनुइट भाषांचा विचार वेगळा कशासाठी करावयाचा? तो यासाठी की तेथे लिंगाची जाणीव व्याकरणातून नाहीशी झाली असली तरी नातेवाचक शब्दांत, नामकरणात आणि कामाच्या वाटणीत ती अतिशय निराळ्या रीतीने नांदते; आणि गेल्या शतकात शासनसंस्थेने नेमका याच व्यवस्थेला हात घातला.

प्रथम भाषेच्या घडणीसंबंधी थोडे. (येथे ‘क़’ हे चिन्ह पडजिभेजवळून उच्चारल्या जाणाऱ्या स्पर्शवर्णासाठी योजले आहे.) ‘अर्नाक़’ म्हणजे स्त्री, ‘अंगुत’ म्हणजे पुरुष, ‘इनुक’ म्हणजे मनुष्य, आणि ‘इनुइट’ हे त्याचे अनेकवचन. मराठीत ‘माणूस’ हा शब्द मनुष्यमात्राला लावला जात असला तरी ओघात त्याचा अर्थ पुरुष असा होतो, म्हणून तर ‘बाईमाणूस’ असा वेगळा शब्द करावा लागला. ‘इनुक’ला अशा पुस्तीची गरज पडत नाही. इनुक्टिटुटमध्ये संस्कृताप्रमाणे द्विवचनही टिकून आहे. ग्रीनलंडच्या भाषेने ते गमावले.

मात्र लिंगाचा भेद न करणारी ही भाषा इतर भेद बारकाईने करते. ‘क़िम्मिआ’ म्हणजे त्याचा अथवा तिचा कुत्रा, पण तो दुसऱ्या कोणाचा. ‘क़िम्मिनी’ म्हणजे कर्त्याचा स्वतःचा कुत्रा. मराठीतील ‘त्याचा’ आणि ‘आपला’ यांतील फरक हाच होय, आणि युरोपीय अभ्यासकांना जो भेद समजावून घ्यावयास पुष्कळ कष्ट पडले तो मराठी विद्यार्थ्याला एका वाक्यात समजतो. दर्शक सर्वनामांचा पसारा त्याहून मोठा आहे. निर्देश केलेली वस्तू वर आहे की खाली, आत आहे की बाहेर, आटोपशीर आहे की लांबवर पसरलेली, हे सर्व सर्वनामातच सांगितले जाते. इग्लूलिक भागात समुद्रतळाशी राहणाऱ्या, सर्व सागरी प्राण्यांची स्वामिनी असलेल्या देवतेला ‘ताकान्नालुक’ म्हणतात. ‘ताकान्ना’ म्हणजे ‘ती तेथे खालची’. ‘आलुक’ प्रत्ययाने तिला भव्यता व भयानकता येते. बापाने होडीतून लोटून दिलेली आणि होडीची कड धरताच बोटे छाटलेली ही मुलगी. तिच्याच बोटांचे सील आणि वॉलरस झाले, अशी कथा आहे. तिच्या नावात कोठेही स्त्रीत्वाचे चिन्ह नाही, केवळ दिशा आहे.

नातेवाचक शब्दांकडे वळले की चित्र पालटते. कलाल्लिसुतमध्ये ‘अंगायू’ म्हणजे थोरले भावंड, परंतु बोलणाऱ्याच्याच लिंगाचे. पुरुषाच्या तोंडी ‘अंगायू’ म्हणजे थोरला भाऊ, स्त्रीच्या तोंडी तोच शब्द थोरल्या बहिणीचा वाचक. ‘नुका’ म्हणजे त्याच प्रकारे समलिंगी धाकटे भावंड. भिन्नलिंगी भावंडांसाठी मात्र स्वतंत्र शब्द आहेत : पुरुषाची थोरली बहीण ‘आलेक़ा’, धाकटी ‘नायाक’, स्त्रीचा थोरला भाऊ ‘अनी’, धाकटा ‘अक़्क़ालुक’. तेव्हा ‘अंगायू’ या शब्दाचे मराठी भाषांतर, कोण बोलत आहे हे कळल्याशिवाय, करताच येत नाही. लिंग येथे व्यक्तीच्या ठिकाणी नसून दोन व्यक्तींच्या संबंधात आहे.

मराठीला ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. ‘जाऊ’ स्त्रीलाच असते, ‘साडू’ पुरुषालाच असतो. ‘नणंद’ आणि ‘दीर’ स्त्रीच्याच नात्याचे. परंतु मराठीत बोलणाऱ्याच्या लिंगाची ही दखल विवाहाने जडलेल्या नात्यांत घेतली जाते, जन्माच्या भावंडांत नाही. बहीण ही भावालाही बहीण आणि बहिणीलाही बहीणच. इनुइट शब्दव्यवस्था हा भेद पाळण्यापासूनच सुरू करते. दोन समाजांनी स्त्री-पुरुष भेदाची रेघ कोठे ओढली, हे यावरून जितके स्पष्ट होते तितके क्रियापदांच्या रूपांवरून क्वचितच होईल.

नावांची व्यवस्था याहूनही विलक्षण. ‘आतिक़’ म्हणजे नाव, पण ते निव्वळ संबोधन नव्हे. नुकत्याच वारलेल्या आप्ताचे नाव नवजात बालकास दिले जाते, आणि नावाबरोबर त्या व्यक्तीचा अंशही त्याच्याकडे येतो अशी श्रद्धा आहे. परंपरागत नावांना लिंग नाही. आजोबांचे नाव नातीला आणि मावशीचे भाच्याला निःसंकोच दिले जाई, आणि पुष्कळ कुटुंबांत अजूनही दिले जाते. नावाबरोबर नातीही येतात. आपल्या वडिलांचे नाव मिळालेल्या तान्ह्या मुलीला आई ‘अताता’, म्हणजे ‘बाबा’, अशी हाक मारते, आणि त्या हाकेत केवळ लाड नसतो. त्या मुलीशी वागतानाही वडिलांविषयीचा आदर पाळला जातो. मराठी घरातही आजीचे नाव मिळालेल्या नातीला तिच्या नावाने रागे भरताना सुनेची जीभ अडखळते, परंतु तेथे गोष्ट एवढ्यावर थांबत नाही.

काही मुलांना नावाप्रमाणे भिन्न लिंगाचे कपडे घालून, त्याच लिंगाची कामे शिकवून वाढविले जाई. मुलीला ऋतुप्राप्ती झाली किंवा मुलाने पहिली मोठी शिकार केली की बहुधा हा क्रम संपे. याखेरीज ‘सिपिनिक़’ अशी एक संज्ञा आहे. जन्माच्या वेळी जिचे लिंग पालटले असे मानले जाते, त्या व्यक्तीला ती लावतात. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ बेर्नार सालादँ दांग्ल्यूर यांनी इग्लूलिक येथे अनेक वर्षे राहून या प्रथांचा अभ्यास केला आणि त्यांस ‘तृतीय सामाजिक लिंग’ असे नाव दिले. ही संज्ञा कितपत योग्य, याविषयी मतभेद संभवतो. या व्यक्ती दोन्हींच्या बाहेर उभ्या नव्हत्या; दोन्ही बाजूंची विद्या त्यांना येत होती, असे म्हणणे अधिक समर्पक ठरेल.

अशा दुहेरी विद्येचे उत्तम उदाहरण म्हणजे मितिआर्जुक नाप्पालुक (1931–2007). उत्तर क्वेबेकमधील कांगिक्सुजुआक येथील ही स्त्री. घरात मुलगा नसल्यामुळे वडिलांनी थोरल्या मुलीला शिकार शिकविली. शिवण आणि कातडे कमावणे तर ती शिकलीच. 1950 नंतरच्या दशकात एका धर्मोपदेशकाने तिला भाषा शिकण्यासाठी उपयोगी पडतील अशी वाक्ये लिहून देण्याची विनंती केली. वाक्ये लिहिता लिहिता बाईंनी पात्रे निर्माण केली, प्रसंग रचले, आणि शब्दसंग्रहाऐवजी एका तरुण विधवेची कादंबरी तयार झाली. ‘सानाक़’ हे तिचे नाव. इनुक्टिटुटमध्ये ती 1984 साली, फ्रेंचमध्ये 2002 साली आणि इंग्रजीत 2014 साली प्रसिद्ध झाली. भाषाशास्त्रज्ञाला उपयोगी पडणारी अवजारांची, बर्फाच्या प्रकारांची, शिवणीची नावे तीत खच्चून भरली आहेत. परंतु ती वाक्ये ज्याने मागितली, त्याने कादंबरी मागितली नव्हती, हे विसरता कामा नये.

आता कामाच्या वाटणीविषयी. पुरुषाच्या सुरीला ‘साविक’ म्हणतात; स्त्रीची चंद्रकोरीच्या आकाराची सुरी ती ‘उलू’. नरम दगड कोरून केलेला, सीलच्या चरबीवर आणि शेवाळाच्या वातीवर जळणारा दिवा ‘क़ुल्लिक़’ हा स्त्रीच्या ताब्यातला. बर्फ वितळवून पिण्याचे पाणी, प्रकाश, ऊब, ओले मोजे वाळविण्याची सोय, हे सर्व त्या एका दिव्यावर अवलंबून असे. वात अखंड समान राखणे हे दिवसभराचे कौशल्य होते. त्याहून मोठे कौशल्य सुईचे. हिवाळी पोशाख रेनडियरच्या कातड्याचे दोन थरांचे. आतल्या थराचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे बाहेर. सीलच्या कातड्याचे बूट शिवताना सुई एका बाजूच्या कातड्यातून आरपार जाऊ न देता अर्ध्या जाडीतच फिरवावयाची, म्हणजे शिवणीतून पाणी शिरत नाही. एक टाका चुकला तर शिकाऱ्याचा पाय गोठे, आणि गोठलेल्या पायाचा शिकारी परत येईलच असे नव्हते. क्नूड रासमुसेन यांची पाचवी थूले मोहीम (1921–24) कुत्र्यांच्या गाडीवरून अलास्कापर्यंत पोहोचली, तीत अर्नारुलुंग्वाक ही ग्रीनलंडची स्त्री अखेरपर्यंत बरोबर होती. मोहिमेचे कपडे शिवणे, दुरुस्त करणे व वाळविणे हे तिचे काम. रासमुसेन यांचे नाव जगाने लक्षात ठेवले. तिच्या सुईवाचून तो प्रवास झाला नसता.

या परस्परावलंबनास ‘समानता’ म्हणावे काय? पुष्कळ लेखक तसे म्हणतात. स्वतः इनुइट वक्त्यांनीही तसे म्हटले आहे. येथे सावधपणे बोलावयास हवे. शिकारीवाचून दिवा नाही आणि दिव्यावाचून शिकार नाही, हे खरे; परंतु तळ कोठे हलवावयाचा याचा निर्णय बहुधा शिकाऱ्याचा असे. याच रासमुसेन यांनी 1923 साली नेत्सिलिक लोकांत राहून तेथील स्त्रियांना त्यांच्या बाळंतपणांविषयी विचारले, तेव्हा नवजात मुलींना थंडीत सोडून देण्याची प्रथा किती व्यापक होती ते उघड झाले. वाढवावी आणि दुसऱ्याच्या घरी द्यावी, तोवर शिकारी मुलगा लांबणीवर पडावा, हे त्यामागील गणित. मराठी वाचकाला या गणिताची ओळख करून द्यावयास नको. यात भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, मुलीला एकदा नाव दिले की तिला टाकता येत नसे, कारण नाव हे आधी जगलेल्या कोणाचे तरी असे. ‘आतिक़’ची लिंगनिरपेक्षता ही अशा प्रसंगी निव्वळ तात्त्विक नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्यास शासन उत्तरेकडे सरकले आणि त्याची पहिली अडचण नावांचीच झाली. आडनाव नाही, नावाला लिंग नाही, उच्चार लिहिता येत नाही; मग नोंदवहीत लिहावयाचे काय? कॅनडा सरकारने 1941 पासून इनुइट लोकांना क्रमांक कोरलेल्या लहान चकत्या वाटल्या. क्रमांकापूर्वी पूर्वेकडच्यांसाठी एक रोमन अक्षर, पश्चिमेकडच्यांसाठी दुसरे. ही पद्धत बंद करण्यासाठी 1968 ते 1971 या काळात आडनावांची योजना राबविण्यात आली. तिचे काम एब ओक्पिक या इनुइट गृहस्थांकडे होते. ते गावोगाव हिंडले. चकतीपेक्षा आडनाव अधिक माणुसकीचे, यात शंका नाही. परंतु आडनाव म्हणजे कुटुंबप्रमुखाचे नाव, आणि कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष, हे गृहीतक त्याबरोबरच आले. जेथे स्त्रीचे नाव विवाहाने बदलत नव्हते, तेथे ती कागदोपत्री नवऱ्याच्या नावाखाली गेली. व्याकरणात जे कधीच नव्हते ते नोंदवहीने आणले. लग्नानंतर मुलीचे पाळण्यातले नावसुद्धा बदलणाऱ्या महाराष्ट्रीय रूढीच्या मानाने हा बदल लहान वाटेल. पण तेथे नावच माणसाला मृतांशी जोडीत होते.

बाळंतपणाच्या बाबतीत हस्तक्षेप अधिक खोल गेला. उत्तर क्वेबेकमध्ये जन्माच्या वेळी नाळ कापणाऱ्या वा बालकाला पहिले वस्त्र चढविणाऱ्या स्त्रीला ‘सानायी’, म्हणजे ‘घडविणारी’, म्हणतात. मुलगी असेल तर ती तिची ‘अर्नालिआक़’, घडविलेली स्त्री. मुलगा असेल तर ‘अंगुसिआक़’, घडविलेला पुरुष. मूल मोठे झाले की त्याची पहिली शिकार किंवा तिची पहिली शिवण या सानायीला अर्पण करावयाची. जन्मतःच कोणी पूर्ण स्त्री वा पुरुष नसतो, त्याला तसे घडविणारी एक व्यक्ती लागते, असा अर्थ या तीन शब्दांतून निघतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गर्भवतींना विमानाने दक्षिणेच्या रुग्णालयांत नेण्याची पद्धत रूढ झाली. बाळ-बाळंतिणीची सुरक्षितता हा हेतू होता आणि तो खोटा नव्हता. परंतु स्त्रीने कित्येक आठवडे परक्या शहरात, परक्या भाषेत, आप्तांवाचून बाळंतपणाची वाट पाहावयाची, आणि घरी मागे राहिलेल्या मुलांकडे कोणी पाहावयाचे, हा प्रश्न नियमात नव्हता. 1986 साली पुविर्नितुक येथे स्थानिक सुईणींचे प्रसूतिगृह सुरू झाले ते स्थानिक स्त्रियांच्या आग्रहामुळे. इनुइट मुलींना तेथेच शिक्षण देऊन सुईणी तयार करण्यात आल्या.

ग्रीनलंडमधील कथा याहून कठोर आहे. तेथील स्त्रियांना 1948 साली मतदानाचा हक्क मिळाला आणि 1959 साली एलिसाबेथ योहान्सेन या सुईणीची प्रांतिक मंडळावर निवड झाली. तेथे पोहोचलेली ती पहिली स्त्री. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1966 ते 1970 या अवधीत, डॅनिश आरोग्ययंत्रणेने सुमारे 4500 स्त्रिया व मुली यांच्या गर्भाशयात संततिप्रतिबंधक साधने बसविली. जननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी ही संख्या जवळजवळ निम्मी होते. त्यांपैकी अनेकींची संमती घेण्यात आली नव्हती, आणि काही तर शाळकरी मुली होत्या. 2022 साली डॅनिश नभोवाणीच्या एका ध्वनिमालिकेने हे प्रकरण सर्वांपुढे आणले. 24 सप्टेंबर 2025 रोजी डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडेरिक्सेन यांनी नूक येथे येऊन त्या स्त्रियांची समक्ष क्षमा मागितली.

राजकीय समानतेचा प्रश्न मात्र कॅनडात उघडपणे मतास टाकला गेला. नुनावुत हा प्रदेश 1 एप्रिल 1999 रोजी अस्तित्वात आला. क्षेत्र सुमारे वीस लक्ष चौरस किलोमीटर, वस्ती 2021 च्या गणनेप्रमाणे 36,858. गावे पंचवीस, आणि एका गावाहून दुसऱ्या गावास नेणारा रस्ता जवळजवळ नाहीच. तेथील विधिमंडळाची घडण ठरविणाऱ्या आयोगाने एक अपूर्व सूचना केली होती : प्रत्येक मतदारसंघातून दोन सभासद निवडावेत, एक पुरुष आणि एक स्त्री, आणि प्रत्येक मतदाराने दोहोंसाठी मत द्यावे. आयोगाचे अध्यक्ष जॉन अमागोआलिक यांचा पाठिंबा तिला होता. 1984 साली स्थापन झालेल्या ‘पाउक्तूतित’ या इनुइट महिला संघटनेचाही होता. शिकारी आणि दिवा यांच्या जुन्या भागीदारीचा दाखला समर्थकांनी दिला. विरोधकांनीही परंपरेचाच दाखला दिला : इनुइट लोकांनी माणूस पाहिला, लिंग पाहिले नाही, मग आताच लिंगावर जागा का वाटाव्यात? विरोधाचे नेतृत्व मानिटोक थॉम्पसन यांच्याकडे होते. त्या स्वतः स्त्री, आणि त्या वेळी वायव्य प्रदेशांच्या महिलाविषयक खात्याच्या मंत्री. कर्तृत्वाने निवडून येणाऱ्या स्त्रीला राखीव जागेची कुबडी नको, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्रात पंचायतींच्या आरक्षणावेळी झालेल्या वादात हाच युक्तिवाद जवळजवळ याच शब्दांत ऐकू आला होता.

26 मे 1997 रोजी मतदान झाले. सुमारे 39 टक्के मतदारांनी मत दिले. त्यांपैकी 57 टक्क्यांनी सूचना फेटाळली. ‘इनुक’ शब्दात लिंग नाही, ही वस्तुस्थिती दोन्ही बाजूंनी आपापल्या पदरी बांधली होती, आणि व्याकरणाने या वादात कोणाचाही निकाल दिला नाही. 15 फेब्रुवारी 1999 रोजी पहिली निवडणूक झाली तेव्हा एकोणीस जागांपैकी एकच स्त्रीकडे गेली. निवडून आलेली ती स्त्री म्हणजे मानिटोक थॉम्पसन. त्यांचा युक्तिवाद खरा ठरला की खोटा, हे याच एका आकड्यावरून दोन्ही प्रकारांनी सांगता येते. तथापि उरलेल्या अठरा जागांचे उत्तर विरोधकांना द्यावेच लागते.

ग्रीनलंडमध्ये 2013 साली शासनप्रमुखपदी प्रथमच स्त्री आली. तिचे नाव आलेक़ा हॅमंड. ‘आलेक़ा’ म्हणजे पुरुषाची थोरली बहीण, हे वर आलेच आहे. नुनावुतमध्ये त्यापूर्वीच, 2008 साली, इवा आरिआक यांची शासनप्रमुख म्हणून निवड झाली. त्या मूळच्या भाषेच्या क्षेत्रातल्या. 1999 पासून पाच वर्षे त्या प्रदेशाच्या पहिल्या भाषा आयुक्त होत्या, आणि इंटरनेटसाठी ‘इकिआक़्क़िविक’ हा शब्द त्यांनीच सुचविला. थरांमधून पार प्रवास करणे, हा त्यातील धातूचा अर्थ; समुद्रतळीच्या ‘खालच्या’ देवतेकडे जाणारे मांत्रिक, ज्यांत स्त्रियाही असत, असाच प्रवास करीत, आणि बोटे नसल्यामुळे जिला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत अशा त्या देवतेची वेणी घालून परत येत. 2008 च्या ऑक्टोबरातील त्या निवडणुकीत निवडून आलेल्या इवा आरिआक या एकट्याच स्त्री होत्या.